सिंदखेडचा वाडा

शिवाजी महाराजांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या मातोश्रींचें माहेर आपल्याच वऱ्हाडांतलें, हें पुष्कळांच्या ध्यानीं नसतें. बुलढाणा जिल्ह्यांत मेहकराहून जालन्याकडे जाणाऱ्या वाटेवर सिंदखेडराजा हें गांव लागतें. अहमदनगरच्या निजामशाहींतील मातबर सरदार लखुजी जाधवराव यांचा वाडा तेथें आहे.

वाड्यासमोर उभें राहतांच प्रथम नजरेंत भरतो तो उंच महादरवाजा. त्या काळीं सरदाराचें घर अर्धें घर व अर्धा किल्ला असे. बाहेरून जाड भिंती व एकच भक्कम दार. आंत मात्र मोकळा चौक, त्यांतून दालनांस उजेड व वारा मिळे. पाया काळ्या दगडाचा व चुन्याचा. जाड भिंतींतून ऊन लवकर आंत शिरत नाहीं आणि जमिनीखालचीं तळघरें भर वैशाखांतहि थंड राहतात. वरचे मजले आतां उरले नाहींत. दरवाजा, जोतीं, कांहीं भिंती व तळघरें शिल्लक आहेत.

याच वाड्यांत १२ जानेवारी १५९८ रोजीं जिजाबाईंचा जन्म झाला, असें मानितात. त्या जागेस म्हाळसा महाल म्हणतात. जवळच रंगमहाल आहे. तेथें रंगपंचमीस लहानग्या जिजाबाई व शहाजी एकमेकांवर रंग उडवूं लागलीं व त्यावरूनच सोयरिकीची गोष्ट निघाली, अशी परंपरागत कथा आहे.

ज्या दरबाराची लखुजींनीं चाकरी केली, त्याच दरबारानें जुलै १६२९ मध्यें दौलताबादेस त्यांचा पुत्रांसह वध करविला. त्यांची समाधि सिंदखेडासच आहे. जिजाबाई तेव्हां गरोदर होत्या. पुढें सात महिन्यांनीं, १९ फेब्रुवारी १६३० रोजीं, शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले. परक्याच्या कृपेवर उभें असलेलें वैभव किती कच्चें असतें, हें त्या मातेनें पितृशोकांत ओळखलें असेल, असें आम्हांस वाटतें. १६७४ सालीं पुत्राचा राज्याभिषेक पाहूनच त्यांनीं देह ठेविला.

आज दर १२ जानेवारीस हजारों लोक सिंदखेडास येतात, ते सरदाराचें ऐश्वर्य पाहावयास नव्हे, तर त्याच्या लेकीची जन्मभूमि वंदावयास. मुलांनो, तुम्हीहि आईबापांसह एकदां अवश्य जा. मात्र त्या भिंतींवर आपलीं नांवें कोरूं नका. तेथें राहण्याजोगें नांव एका मुलीनें आपल्या करणीनें आधींच मागें ठेविलें आहे.