उसाचे इंधन आणि हवेचा हिशेब

धाराशिव जिल्ह्यात ढोकीची ओळख तेरणा साखर कारखान्यामुळे. उसाच्या मळीपासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. मात्र निव्वळ इथेनॉलवर इंजिन चालवायचे तर इंधनाची सारी व्यवस्था नव्याने बांधावी लागते.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलो पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल दीडपटीहून अधिक सोडावे लागते. टर्बोचार्जर हवा दाबून भरतो, तेव्हा ही गरज आणखी वाढते. पंप किंवा इंजेक्टर लहान पडला, की इंधन अपुरे पडून मिश्रण अवेळी भडकते. १९६७च्या माझदा कॉस्मोसारख्या रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या टोकांवरच्या बारीक पट्ट्या अशा हादऱ्याने तुटतात. इथेनॉलची वाफ होताना उष्णता शोषली जाते, म्हणून पुरेसे मिळाले तर ते या पट्ट्यांचे रक्षणही करते.

ऊस मात्र वर्ष-दीड वर्ष रानात उभा राहतो आणि जिल्हा अवर्षणप्रवण आहे. या इंधनाचा हिशेब विहिरीच्या पाण्यापासूनच मांडायला हवा.