हप्ता किती बसतो?

गिऱ्हाईक शोरूममध्ये शिरलं की सेल्सची पोरं त्याचे बूट आणि घड्याळ बघतात, असा लोकांचा समज आहे. आम्ही त्याच्या पहिल्या प्रश्नाची वाट बघायचो. पुण्यातल्या एका शोरूममध्ये फायनान्सच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. माणसाचं वय आणि त्याचा पहिला प्रश्न यांचं गणित तिथं सहसा चुकत नसे.

पंचविशीतला विचारतो, "हप्ता किती बसतो?" असं विचारणारा आमचा सगळ्यात लाडका. किंमत, विमा, ॲक्सेसरीज सगळं त्या एका आकड्यात विरघळून जातं. हिंजवडीत नुकताच नोकरीला लागलेला एक मुलगा आला होता. महिन्याला तेरा हजारांच्या वर जायचं नाही, असं घरून ठरवूनच. आठ लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज. पाच वर्षांसाठी हप्ता १६,६०७ रुपये. आमच्या सेल्समननं मुदत सात वर्षं केली आणि हप्ता १२,८७१ वर आला. घासाघीस जिंकल्यासारखा मुलगा हात मिळवून गेला. व्याज मात्र सुमारे ८५ हजारांनी वाढलं होतं. लपवलं कुणीच काही नव्हतं. सगळं कागदावर छापलेलं होतं.

'फ्लॅट रेट'ची गंमत याहून मोठी. लाखाला सात टक्के फ्लॅट, मुदत पाच वर्षं : व्याज ३५ हजार, हप्ता २,२५०. फिटलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज चालूच, त्यामुळे खरा दर पडतो जवळजवळ साडेबारा टक्के. हे ओळखणारे फार थोडे भेटले, आणि त्यातले बहुतेक बँकेतच नोकरीला होते.

चाळिशीचं जोडपं आलं की आम्ही सावरून बसायचो. घराचं कर्ज डोक्यावर, पोरांच्या फिया चालू. नवरा बोनेट उघडून बघतो, बायको कोटेशन वाचते. एका बाईंनी 'हँडलिंग चार्जेस'वर बोट ठेवून विचारलं, "गाडी काय हातात धरून आणलीत?" ती ओळ तिथल्या तिथे खोडली गेली. मग त्या सहज म्हणाल्या, "विमा माझा भाऊ काढून देईल." त्याबरोबर मॅनेजरसाहेब केबिनमधून स्वतः चहा घेऊन आले. विम्यावरचं कमिशन ही शोरूमची दुखरी नस, हे त्या बाईंना कुठून कळलं होतं देव जाणे.

ऊसबिल जमा झालं की गावाकडून पाहुणे यायचे, नोटांची पिशवी घेऊन. कॅशियरची दुपार मोजण्यात जायची. १ एप्रिल २०१७ पासून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोकड घ्यायला कायद्यानं बंदी आली आणि पिशव्या थांबल्या. एक काका तरीही आले होते. "पैसा माझा, गाडी तुमची, मधे सरकार कशाला?" असं म्हणून रागानं निघून गेले. दुसऱ्या दिवशी मुलगा आरटीजीएस करून गेला.

साठीच्या पुढचा माणूस म्हणजे 'कॅश केस'. ग्रॅच्युइटीचे पैसे, एकच चेक, विषय संपला. बाहेरच्याला वाटेल, शोरूम खूश होत असेल. उलट आमच्या टेबलावर सुतक. कर्ज नाही म्हणजे बँकेकडून मिळणारा वाटाही नाही. १९८३ मध्ये दहा हजार आधी भरून मारुती ८००साठी नंबर लावणारी ही पिढी. उधारीची गाडी तिच्या पचनी पडत नाही. प्रश्नही निराळे : सीट किती उंच आहे, उतरताना गुडघा वाकवावा लागतो का.

पितृपक्षात शोरूम ओस पडतं. जीन्स घालून फिरणारी पोरंसुद्धा डिलिव्हरी घटस्थापनेवर ढकलतात. आई रागावेल म्हणून. त्या पंधरवड्यात टार्गेट गाठायला मॅनेजर हवी तेवढी सूट देतो. सत्तरीचे एक निवृत्त मास्तर नेमके तेव्हा चेक घेऊन हजर झाले. सेल्समननंच चाचरत आठवण करून दिली, "सर, पितृपक्ष चालू आहे."

"म्हणून तर आलो," मास्तर म्हणाले. "तीस हजार सुटतायत म्हटल्यावर आमचे वडील स्वतः वर पेढे वाटतील."