कार्ड मिळालं, आता पाण्यात कधी?

पालीत राहणाऱ्यांसाठी पाणी म्हणजे बिंदुसरा. तलाव भरून सांडव्यावरून वाहायला लागला की अर्धं बीड फोटो काढायला येतं. त्यामुळे माझ्या मैत्रिणीने स्कूबाचं सर्टिफिकेट काढलं, तेव्हा गल्लीतला पहिला प्रश्न होता, "मग आता बिंदुसरेत उतरणार का?"

उत्तर सोपं आहे, नाही. तलावात गाळ असतो, खाली हात पुढे केला तरी दिसत नाही, विमोचकाजवळ पाण्याची ओढ असते आणि मदतीला बोटही नसते. शिवाय ३०० मीटरपेक्षा उंच ठिकाणी डाइव्हचं गणितच बदलतं आणि बीड परिसर त्याहून उंच आहे. मग सराव करायचा कुठे?

आधी एक गैरसमज दूर करू. कॉलेजच्या सहलीत मालवणला गाइडने धरून घडवलेली डुबकी म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. 'ओपन वॉटर' कोर्समध्ये थिअरी, स्विमिंग पूलमधला सराव आणि किमान चार खऱ्या डाइव्ह असतात. त्यानंतर जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत उतरता येतं. पण चार डाइव्ह म्हणजे किती? लायसन्स हातात पडल्याच्या दिवशी धुळे-सोलापूर हायवेवर ट्रकला ओव्हरटेक कोण करतं?

मैत्रिणीने नेमकं तेच केलं. कोर्सनंतर अकरा महिने पाण्याला शिवली नाही आणि मग थेट अंदमान! खाली मास्कमध्ये पाणी शिरलं. ते काढायचं कसं, हे ती शिकली होती, पण हातांना आठवेना. ती घाबरून वर निघाली. गाइडने तिला धरलं, म्हणून निभावलं. श्वास रोखून झपकन वर आलं तर फुप्फुसातली हवा फुगते आणि जिवावर बेततं. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, तिथे प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट लागते. घाबरलेला माणूस सिलिंडर किती लवकर संपवेल, विचार करा.

म्हणून पुढच्या आठ-दहा डाइव्ह जवळच करा. आपल्यासाठी जवळ म्हणजे मालवण-तारकर्ली. तिथे एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्रही आहे. पावसाळा सोडून, साधारण ऑक्टोबर ते मे हा हंगाम. पाणी अंदमानसारखं नितळ नसतं, पण अशाच पाण्यात तरंगणं सांभाळायला आणि जोडीदारावर नजर ठेवायला शिकता येतं. मोठा गॅप पडला असेल तर आधी पूलमध्ये रिफ्रेशर घ्या. प्रत्येक डाइव्हला किती वजन बांधलं, किती हवा उरली, हे लॉगबुकात लिहा.

आणि एक खास आपल्यासाठी. मालवणहून बीडला येताना घाट चढावाच लागतो. डाइव्हनंतर लगेच उंचावर जाणं धोक्याचं, त्यामुळे शेवटची डाइव्ह आदल्या दिवशी संपवा आणि किती तास थांबायचं ते प्रशिक्षकालाच विचारा.

विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक हे प्रवाळांचं पठार आहे. त्याचा सगळ्यात उथळ भागही सुमारे २० मीटरवर, म्हणजे आपल्या पहिल्या कार्डाच्या मर्यादेबाहेर. मैत्रिणीचं स्वप्न तेच आहे. सध्या मात्र तिने दिवाळीच्या सुट्टीतलं तारकर्लीचं बुकिंग केलंय. गल्लीतला प्रश्नही बदललाय, "किती डाइव्ह झाल्या गं?"