औषधाच्या दुकानात आपण काय विकत घेतो?

आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, 'मेडिकल'. त्यांना वाटलं, वैद्यकशास्त्र आणि नीतिशास्त्र असं काहीतरी भारदस्त असणार. मी म्हटलं, तसं काही नाही हो, आपलं कोपऱ्यावरचं मेडिकल. (हशा) आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं त्या दुकानावर काय बोलायचं, असं तुमच्याही मनात आलं असेल. पण तिशी-पस्तिशीपर्यंत वर्षातून दोनदा तिथं जाणारा माणूस सत्तरीनंतर महिन्यातून चारदा जातो. इतक्या वेळा तर मी हल्ली वाचनालयातही जात नाही. तेव्हा या अनुभवाचा विचार करायला हवा, असं मला वाटलं. आणि त्याला एक घरचं कारणही आहे. ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या पत्नीची बोटं सकाळी आखडायला लागली, सांधे सुजायला लागले. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे संधिवाताचा एक प्रकार. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, त्यात मेथोट्रेक्सेट नावाची गोळी होती. ही गोळी मोठ्या मात्रेत कर्करोगावर वापरतात. संधिवातावर ती अगदी थोड्या मात्रेत आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. डॉक्टरांनी ते तोंडी सांगितलं असेलच. पण बाहेर गर्दी होती, पुढचा पेशंट दारात उभा होता, आणि माझं लक्ष फी द्यायला पाकीट काढण्यात होतं. चिठ्ठीवरचं अक्षर तर आपल्याला माहीतच आहे.

आम्ही एका दुकानात गेलो. त्याचं नाव सांगायचं कारण नाही. काउंटरवर विशीतला एक मुलगा होता. चटपटीत, नम्र. त्यानं पट्ट्या काढल्या, प्रत्येक पट्टीवर पेननं खुणा केल्या. या पट्टीवर लिहिलं, 'रोज १, रात्री'. आम्ही पैसे दिले, घरी आलो. चाळीस वर्षं मुलांना तर्कशास्त्र शिकवलं, 'पुरावा काय?' असं उठसूट विचारलं, आणि पट्टीवरच्या त्या तीन शब्दांना मी एकही प्रश्न विचारला नाही.

सहाव्या दिवशी तिचं तोंड आलं. इतकं की पाणी पिताना डोळ्यांत पाणी यायचं. मी म्हटलं, उष्णता झाली असेल. ती एकटीच चालत गेली, पहिलं दुकान बंद होतं म्हणून दुसऱ्या दुकानात, आणि म्हणाली, तोंडात लावायचं मलम द्या. काउंटरवर एक बाई होत्या, चाळिशीच्या. त्यांनी मलम काढलंच नाही. त्यांनी विचारलं, "काकू, आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?" पट्टी पर्समध्ये होती. बाईंनी ती उलटसुलट पाहिली, पेनची खूण वाचली आणि म्हणाल्या, "ही तुम्ही रोज घेताय? आत्ता बंद करा आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा." मग मला फोन करायला लावला.

रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी खूप खाली आलेल्या. हे औषध झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींची वाढ रोखतं. तोंडाच्या आतलं अस्तर आणि हाडातली मज्जा, दोन्हीकडच्या पेशी तशाच. म्हणून तोंड आलं ही नुसती उष्णता नव्हती. आत काय चाललंय त्याची ती वर्दी होती. आठवड्याची गोळी रोज घेतल्यानं माणसं दगावल्याचे प्रसंग जगभरच्या वैद्यकीय नोंदींत आहेत. आमच्या घरी दहा दिवसांच्या दवाखान्यावर निभावलं.

आता मला सांगा, या दोन दुकानांत फरक काय? गोळी तीच, किंमत तीच, परवाना दोघांकडेही. पहिल्या दुकानात गोळी मिळाली. दुसऱ्या दुकानात काहीच विकलं गेलं नाही, पण तिथं जे मिळालं त्यानं जीव वाचला. म्हणजे औषधाच्या दुकानात आपण नुसती वस्तू घ्यायला जात नाही. वस्तूबरोबर तिच्याबद्दलचा खरा शब्द घ्यायला जातो. पांढरी गोळी दुसऱ्या पांढऱ्या गोळीसारखीच दिसते. ती कशाची, किती, केव्हा, कशाबरोबर घ्यायची नाही, हे आपल्याला डोळ्यांनी कळत नाही. भाजी दाबून बघता येते, कापड चुरगाळून बघता येतं. इथं तसं काही करता येत नाही. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञानं 1963 साली हेच दाखवलं, की औषधोपचाराचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, कारण विकणाऱ्याला जे कळतं ते घेणाऱ्याला कळत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळालेलं ज्ञान खरं कधी मानायचं? न्यायदर्शनात त्याला शब्दप्रमाण म्हणतात. तुम्हाला गंमत वाटेल, पण शब्द विश्वासार्ह असू शकतो हे सांगताना न्यायसूत्रांनी जो दाखला घेतला, तो आयुर्वेदाचा आहे. वैद्यानं सांगितल्याप्रमाणे औषध घेतलं आणि गुण आला, म्हणजे त्याचा शब्द खरा. असा शब्द ज्याचा, तो 'आप्त'. मराठीत आपण आप्त म्हणजे नातेवाईक समजतो. तिथं नात्याचा संबंध नाही. भाष्यकार वात्स्यायन तर म्हणतो की आप्त असणं जन्मावर ठरत नाही. ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ, कसोटी एकच. त्या कसोटीची तीन अंगं तो सांगतो. एक, त्याला त्या विषयाचं प्रत्यक्ष ज्ञान हवं. दोन, ऐकणाऱ्याविषयी दया हवी. तीन, जसं आहे तसं सांगण्याची इच्छा हवी. दीड हजार वर्षांपूर्वीची ही कसोटी मी आज मेडिकलच्या काउंटरवर लावून बघणार आहे.

पहिलं, ज्ञान. लहानपणी आम्ही घरून बाटली घेऊन दवाखान्यात जायचो. कंपाउंडर तिच्यात लाल मिक्श्चर भरायचा आणि बाहेरून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. हा कंपाउंडर बहुधा हाताखाली शिकलेला असे. 1948 च्या फार्मसी कायद्यानं ते चित्र बदलायचं ठरवलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं, असं त्याचं 42 वं कलम सांगतं. औषधांविषयीचे 1945 चे नियमही म्हणतात की चिठ्ठीवरचं औषध त्याच्या हातून किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिलं जावं. आपल्या राज्यात हे बघायचं काम अन्न व औषध प्रशासनाचं. आणि आपल्या शहरात अशा माणसांची टंचाई असायचं कारण नाही. उस्मानपुऱ्यात शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे. चिकलठाण्याला, वाळूजला औषधांचे मोठे कारखाने आहेत. जे गाव देशाला औषधं पुरवतं, त्या गावात गोळी हातात देणारा माणूस शिकलेला असावा, ही काही फार मोठी मागणी नाही. पण व्यवहारात काय होतं? प्रमाणपत्र भिंतीवर असतं, आणि ज्याचं ते आहे तो माणूस कधीकधी दुकानात नसतो. म्हणून 'फार्मासिस्ट आहेत का?' हा प्रश्न विचारायला लाजू नका. तो अपमान नाही.

दुसरं अंग, जसं आहे तसं सांगणं. यात बिल आलं. बिल म्हणजे दुकानदाराचा लेखी शब्द. त्यावर बॅच क्रमांक असतो. एखादं औषध तपासणीत कमी दर्जाचं ठरलं, तर जाहीर होतो तो त्या बॅचचा क्रमांक. बिल नसेल तर आपण घेतलेली पट्टी त्यातली होती की नाही, हे सिद्ध करणार कसं? तसंच कात्री कुठून चालते तेही बघा. बॅच आणि मुदत बहुतेक वेळा पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते. चार गोळ्या कापून घेताना ते टोक दुकानात राहिलं, तर तुमच्या हातात आली ती नाव-गाव नसलेली गोळी. अशा वेळी तारीख तिथंच वाचून घ्या, पट्टीवर लिहून घ्या. 1 ऑगस्ट 2023 पासून जास्त खपाच्या 300 ब्रँडवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक झालं आहे. नातवाला सांगा, मोबाइल धरला की माहिती येते.

तिसरं अंग, दया. दुकानदारानं धंदा करू नये असं मी म्हणत नाही. त्यालाही भाडं आहे, पगार आहेत, मुदत संपलेल्या मालाचं ओझं आहे. पण दयेची परीक्षा होते ती विक्री आणि हित वेगवेगळ्या दिशांना ओढतात तेव्हा. त्या बाईंनी मलम विकलं नाही, हीच ती परीक्षा. उलट अनुभवही आपल्याला येतो. 'पूर्ण पट्टीच घ्यावी लागेल' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. 2013 चा औषध किंमत नियंत्रण आदेश सुट्या गोळ्यांची विक्री धरूनच चालतो, आणि त्यांना पट्टीच्या प्रमाणापेक्षा जास्त किंमत लावायची नाही असं सांगतो. दुकानात असलेलं औषध मागणाऱ्याला नाकारायचं नाही, हेही त्याच आदेशात आहे.

आणि ती 'वीस टक्के सूट'ची पाटी! सूट वाईट नाही. पण समजा, एका पट्टीवर 120 रुपये छापलेत आणि सूट देऊन ती 96 ला मिळाली. त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची पट्टी 60 रुपयांची असेल आणि तिच्यावर सूट नसेल, तर स्वस्त कोणती? एका गोळीला किती पडले, एवढाच हिशेब करायचा.

आता आपल्याकडे वळतो, कारण सगळं माप दुकानदाराच्या पदरात टाकणं बरोबर नाही. आप्ताची तीन अंगं सांगितली, पण ऐकणाऱ्याचंही काही कर्तव्य असतंच ना? आपण काउंटरवर कोपर टेकवून म्हणतो, "डोकं दुखतंय, काहीतरी द्या." चिठ्ठी मागितली तर चिडतो, "नेहमीचंच आहे हो, शेजारचा देतो." तापाला दोन दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या नेतो आणि बरं वाटलं की उरलेल्या डब्यात टाकतो. काही निवडक अँटिबायोटिक, क्षयाची औषधं आणि काही झोपेच्या गोळ्यांसाठी मार्च 2014 पासून 'शेड्यूल एच वन' लागू आहे. त्यात दुकानदारानं रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षं जपायची असते. तो नाव विचारतो तेव्हा आपल्याला ती चौकशी वाटते. प्रश्न विचारणारा दुकानदार आपल्याला नको असतो आणि न विचारणारा पुढे महागात पडतो. त्या पहिल्या दुकानातल्या मुलाला आम्ही किती वेळ दिला? मी तर मध्ये म्हटलंही होतं, "जरा लवकर आवरा." हे मी विसरू शकत नाही.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. औषध हातात आलं की तीन गोष्टी मोठ्यानं विचारायच्या. हे कशासाठी? दिवसातून किती वेळा, की आठवड्यातून? आणि माझ्या आधीच्या गोळ्यांबरोबर चालेल का? आधीच्या गोळ्यांची यादी खिशात ठेवायची. जो दुकानदार थांबून उत्तर देईल, किंवा 'मला खात्री नाही, डॉक्टरांना विचारतो' असं म्हणेल, तो आपला. दुसरं उत्तर देणारा तर जास्त आपला. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, 1915. औषधाचा दुष्परिणाम झाला तर तो कळवायलाही क्रमांक आहे, 1800-180-3024. लिहून घ्या.

(यानंतर श्रोत्यांतून एक प्रश्न आला : दुकानदार 'हे नाही, त्याच्यातलंच दुसरं आहे' म्हणून वेगळ्या कंपनीचं देतो. घ्यावं का? आणि जेनेरिक घेतलं तर चालतं का?)

चांगला प्रश्न आहे. यात दोन गोष्टींची गल्लत होते. चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या बाबतीत, घटक तोच असला तरी दुकानदारानं परस्पर दुसरं द्यायचं नाही, असं नियम सांगतो. तेव्हा 'त्याच्यातलंच' म्हटलं की डॉक्टरांना फोन करा, निदान नाव ताडून बघा. मिरगीच्या किंवा थायरॉइडच्या औषधांत तर विचारल्याशिवाय बदल नकोच. आता जेनेरिकचं. ते घेणं वेगळं, त्यात आडकाठी नाही. जनऔषधी योजना 2008 पासून आहे. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असं भारतीय वैद्यक परिषदेनं 2016 मध्ये नियमात घातलं. तर डॉक्टरांनाच सांगा, "मूळ नाव लिहून द्या." म्हणजे निवड तुमच्या हातात राहते आणि अक्षरही सुधारतं. (हशा)

शेवटी एकच सांगतो. ती गोळी माझी पत्नी आजही घेते, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, दर शनिवारी. त्या बाईंच्या दुकानातूनच आणतो. त्या प्रत्येक पट्टीवर लाल पेननं 'फक्त शनिवार' असं लिहितात, आणि तरीही दर वेळी विचारतात, "काका, कधी घ्यायची?" मी वर्गात उभा राहून उत्तर द्यावं तसं सांगतो, "आठवड्यातून एकदा." मग त्या पट्टी देतात.