नेत्रावाटे मस्तिष्कदाबाचे अनुमान

प्रौढ मनुष्याची कवटी हे न प्रसरणारे पात्र होय. तीत मेंदू, रक्त व मस्तिष्कमेरुद्रव हे तीन घटक सामावलेले असतात. एक वाढला, तर इतरांना जागा सोडावी लागते. या विचाराचा पाया अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये व जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये घातला. जागा सोडण्याची सीमा संपली, म्हणजे कवटीतील दाब झपाट्याने वाढतो व मेंदूचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. हा दाब सामान्यतः पाऱ्याच्या ७ ते १५ मिलिमीटर इतका असतो. तो थेट मोजण्याची विश्वसनीय रीत म्हणजे कवटीस छिद्र पाडून नळी आत घालणे. परंतु रुग्ण बेशुद्ध आहे आणि शस्त्रक्रियेची सोय दूर आहे, अशा वेळी काय करावे?

येथे डोळा साहाय्यास येतो. दृष्टितंत्रिका ही रचनेने मेंदूचाच पुढे आलेला भाग होय. मेंदूची आवरणे व त्यांतील द्रव तिच्याभोवतीही असतात. साहजिकच कवटीतील दाब वाढला, की हे आवरण फुगते. मिटलेल्या पापणीवर जेली लावून सोनोग्राफीच्या यंत्राचा शोधक हलकेच टेकवतात आणि नेत्रगोलाच्या ३ मिलिमीटर मागे आवरणाची रुंदी मोजतात. नेत्रगोल फुटल्याचा संशय असल्यास ही तपासणी टाळतात.

हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नेत्रदर्शकाने डोळ्याच्या आतील तंत्रिकेच्या मुखाशी आलेली सूज पाहता येते. परंतु ती प्रकट होण्यास तास, कित्येकदा दिवस लागतात. आवरणाची रुंदी त्याहून पुष्कळ लवकर बदलते.

तथापि एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. येथे मोजली जाते ती रुंदी. दाब अनुमानाने कळतो. संशयाची सीमा निरनिराळ्या अभ्यासकांनी ५ ते ६ मिलिमीटरांच्या दरम्यान निरनिराळी धरली आहे. मोजणाऱ्याच्या हातानेही फरक पडतो. आपल्या नैयायिकांनी धुरावरून अग्नीचे अनुमान मान्य केले. परंतु तापलेल्या लोहगोळ्यात धुरावाचून अग्नी असतो, हेही त्यांनी बजावून ठेवले. त्याच न्यायाने, रुंद आवरण दिसल्यास त्वरा करावी. परंतु ते रुंद नाही एवढ्यावरून, इतर लक्षणे विपरीत असता, निश्चिंत राहू नये. चिन्हाची मर्यादा ओळखणे हाही निदानाचाच भाग होय.