टाकीतली पंगत

जून २०२५ मधली गोष्ट. मध्य प्रदेशातलं रतलाम. मुख्यमंत्र्यांच्या दौऱ्यासाठी गाड्यांचा ताफा निघाला होता. वाटेत एका पंपावर सगळ्या गाड्यांनी डिझेल भरलं. जरा पुढे गेल्या, आणि एक गाडी बंद पडली. मग दुसरी. मग तिसरी. एकूण १९ गाड्या! एवढा सरकारी थाट, आणि माणसं गाड्या ढकलत रस्त्याच्या कडेला नेतायत!

कुणी केला हा घोटाळा? ओळख बघू!

पाण्याने! टाक्या उतरवून पाहिल्या, तर डिझेलमध्ये पाणी निघालं.

इंजिनात डिझेल जळतं, तेव्हा गाडी पळते. पाणी काही जळत नाही. मग गाडी पळणार कशी? इतकं सोपं!

पण दोस्ता, ही झाली भरपूर पाण्याची गोष्ट. ते लगेच पकडलं जातं. खरी धमाल असते ती चमचाभर पाण्याची. ते गुपचूप टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. कुणाला पत्ताच लागत नाही. आणि मग तिथे चक्क पंगत बसते!

कुणाची पंगत? सांगते. आधी आपण ग्वाल्हेरला जाऊ.

ग्वाल्हेर म्हणजे शिंद्यांचं गाव. तिथल्या लष्कर भागात आजही कितीतरी घरांत मराठी बोलतात. मे महिन्यात तिथे ऊन असं तापतं, की पारा ४५ अंशांच्याही वर जातो! शाळांना सुट्टी लागते. मग शाळेची बस काय करते? नुसती उभी राहते. समज, तिच्या टाकीत अर्धं डिझेल आहे. उरलेल्या अर्ध्या जागेत काय असेल? काहीच नाही म्हणतोयस की म्हणतेयस? चूक! तिथे हवा असते.

आणि गंमत ऐक. ती टाकी श्वास घेते!

दिवसा टाकी तापते. आतली हवा फुगते आणि थोडी बाहेर जाते. रात्री टाकी गार होते. हवा आकसते आणि बाहेरची नवी हवा आत ओढली जाते. पावसाळा सुरू झाला, की या हवेबरोबर खूप वाफही आत शिरते. आपल्याला न दिसणारी वाफ! गार पत्र्याला लागली, की तिचे थेंब होतात. थेंब ओघळतात आणि डिझेलमधून थेट तळाशी जातात.

तळाशीच का? कारण पाणी जड! एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. एक लिटर डिझेलचं साधारण ८३० ग्रॅमच. म्हणून डिझेल वर, पाणी खाली.

झालं, पाटपाणी तयार! आता येऊ देत पाहुणे.

पाहुणे म्हणजे जिवाणू आणि बुरशी. जिवाणू इतके बारीक, की पंगतीत खेटून बसले तर एका मिलिमीटरच्या रेघेवर पाचशे ते हजार जण मावतील! त्यांना आमंत्रण लागत नाही. ते धुळीत असतात, हवेत असतात, पाण्यात असतात. टाकीने श्वास घेतला, की तेही आत.

आणि ताटात काय? डिझेल!

ईऽऽ, डिझेल कुणी खातं का? अरे, खातात ना! डिझेल बनतं जमिनीखालच्या खनिज तेलापासून. आणि खनिज तेल कशाचं झालं, माहीत आहे? कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या इवल्या इवल्या जिवांचं! ते मेले, गाळात गाडले गेले, दाबले गेले, तापले, आणि त्यांचं तेल झालं. म्हणजे हे एके काळचं जिवांचं शरीरच की. आपण सकाळचं शिळं रात्री खायला कुरकुर करतो. हे पाहुणे कोट्यवधी वर्षांचं शिळं चाटूनपुसून खातात!

एका बुरशीला तर हे जेवण फारच आवडतं. तिचं नाव अमॉर्फोथेका रेझिनी. तिला रॉकेलही चालतं, विमानाचं इंधनही चालतं.

आता एक कोडं. टाकीभर डिझेल असतं. मग हे पाहुणे सगळीकडे का पसरत नाहीत?

कारण कोरड्या डिझेलमध्ये त्यांना वाढताच येत नाही. वाढायला पाणी हवंच. मग ते काय करतात? जिथे पाणी संपतं आणि डिझेल सुरू होतं, बरोबर त्या हद्दीवर बसतात. पाट पाण्याचा, ताट डिझेलचं! आणि त्यांना पाणी किती लागतं? एखाद्या मिलिमीटरचा पातळ थर असला, तरी पंगत बसते.

पण सगळ्यात मोठं आश्चर्य पुढेच आहे. डिझेल खाता खाता ते स्वतःच नवं पाणी तयार करतात! डिझेलमध्ये हायड्रोजन असतो. जिवाणू त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी मेळ घालतात आणि पाणी बनतं. म्हणजे पाहुणेच पुढच्या पाहुण्यांचे पाट मांडतात. आहे की नाही कमाल?

पंगत म्हटली, की खरकटं आलंच. या पंगतीचं खरकटं म्हणजे काळपट, बुळबुळीत चिखल. तो इंजिनाकडे निघतो आणि वाटेतल्या फिल्टरमध्ये अडकतो. शिवाय हे पाहुणे आम्लही सोडतात. त्याने लोखंडी टाकी आतून गंजते. सुट्टी संपते. ड्रायव्हरकाका बस सुरू करतात. बस खोकते, झटके देते, बंद पडते. मेकॅनिक म्हणतो, "फिल्टर चोक झालाय!"

तुला वाटेल, हा त्रास फक्त बस-ट्रकला. छे! विमानांचं पुष्कळसं इंधन त्यांच्या पंखांत भरलेलं असतं. जेट विमानं आली, तेव्हा काही विमानांच्या पंखांत ही बुरशी चक्क गोधडीसारखी वाढलेली सापडली! उंच आकाशात कडाक्याची थंडी असते. तिथे टाकी गार पडते, इंधनातलं पाणी सुटं होतं आणि पंगतीची सोय होते. म्हणून विमान उडण्याआधी टाकीच्या तळातलं थोडं इंधन काढून बघतात. पाणी दिसलं, की आधी ते बाहेर! ग्वाल्हेरजवळ महाराजपूरला हवाई दलाचा तळ आहे. तिथून मिराज विमानं कानठळ्या बसवत उडतात. एवढ्या मोठ्या विमानालाही चमचाभर पाण्याची धास्ती, बघ!

मग या पंगतीचं करायचं काय? औषध घालून पाहुण्यांना मारता येतं. पण सोपी युक्ती वेगळीच आहे. पाटच उचलायचा! पाणी काढलं, की पंगत आपोआप उठते. म्हणून डिझेलच्या गाडीत पाणी वेगळं साठवणारा फिल्टर असतो. त्याच्या खालचा बूच सैल केला, की साठलेलं पाणी बाहेर. पंपावरचे लोक तर आणखी मजेदार काम करतात. लांब दांडीला एक खास पेस्ट लावतात आणि दांडी जमिनीखालच्या टाकीत सोडतात. पेस्टला पाणी लागलं, की तिचा रंग बदलतो. चोरी पकडली!

आता या पाहुण्यांना वाईट ठरवू नकोस हं. ग्वाल्हेरमध्येच डीआरडीई नावाची संरक्षण संशोधनाची मोठी प्रयोगशाळा आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी खादाड जिवाणूंना मुद्दाम जेवायला बसवलं. ताटात काय वाढलं, सांगू? आपली शी! नाक धरू नकोस. हे जिवाणू ती फस्त करतात आणि मागे उरतं पाणी आणि गॅस. सियाचिनच्या बर्फात राहणाऱ्या जवानांना अशी शौचालयं उपयोगी पडली. पुढे ती रेल्वेच्या डब्यांतही आली. पूर्वी घाण रुळांवर पडायची. आता डब्याखालच्या टाकीत जिवाणू ती संपवतात!

आणि दिल्लीच्या टेरी संस्थेने तेल खाणाऱ्या जिवाणूंची एक टोळी तयार केली. टोळीचं नाव ऑइलझॅपर. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाच्या भुग्यात हे जिवाणू मिसळतात. जमिनीवर तेल सांडलं, की हा भुगा तिथे पसरायचा. मग पाहुणे आहेत आणि तेल आहे!

म्हणजे खादाडपणा तोच. टाकीत बसले तर बस बंद, मातीत बसले तर माती साफ. त्यांना पाट कुठे मांडायचा आणि कुठून उचलायचा, एवढंच आपल्याला कळायला हवं.

तेव्हा एक काम कर. या वर्षी सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ड्रायव्हरकाकांना विचार, "काका, टाकी फुल केली ना?" टाकी काठोकाठ भरली, की आत हवेला जागा नाही. हवा नाही, तर वाफ नाही. वाफ नाही, तर पाणी नाही. आणि पाणीच नाही, तर पाहुणे बसतील कशावर? काका नक्की विचारतील, हे तुला कुणी सांगितलं. मग काय, त्यांनाही सांग ही सगळी गंमत!