तिसाव्या सेकंदाला तळ का उडायचा?

ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून 2003 नंतर गिरगावात, दादरला, लालबाग-परळच्या सायबर कॅफेंत जे गेम पसरले, त्यात ‘कमांड अँड कॉन्कर : जनरल्स’ आणि त्याची पुरवणी ‘झिरो अवर’ यांच्याभोवती जितक्या दंतकथा जमल्या, तितक्या क्वचितच दुसऱ्या कुणाभोवती जमल्या असतील. त्यातल्या बऱ्याचशा चोरीच्या सीडींनी जन्माला घातल्या.

सगळ्यात गाजलेली दंतकथा स्फोटाची. खेळ सुरू व्हायचा, बुलडोझर कामाला लागायचा, आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास शत्रू दिसायच्या आधीच आपल्या सगळ्या इमारती आणि गाड्या उडायच्या. पडद्यावर पराभवाची पाटी. ‘कॉम्प्युटरला व्हायरस लागला’, ‘रॅम कमी पडते’, ‘ग्राफिक्स कार्ड बदल’ असे निदान लगोलग तयार असायचे, आणि त्यापायी काहींनी खिसाही हलका केला असेल. प्रत्यक्षात ती गेम काढणाऱ्या ईए कंपनीनेच पेरलेली पाचर होती. गेम आतल्या आत प्रत अस्सल आहे का ते तपासायचा. तपासणीत नापास झाला की खेळाडूचं सैन्य स्वतःच संपवून टाकायचा. याच मालिकेतल्या आधीच्या ‘रेड अलर्ट 2’मध्येही हीच युक्ती होती. ‘तुमची सीडी चोरीची आहे’ अशी सरळ पाटी मात्र यायची नाही, त्यामुळे दोष बिचाऱ्या कॉम्प्युटरवर जायचा.

नव्या विंडोजवर गेम सुरू होतानाच ‘गंभीर त्रुटी’ म्हणून बंद पडतो, तो प्रकार वेगळा. अस्सल प्रतीवरही तो होतो. गेमला हवी असलेली ‘ऑप्शन्स डॉट आयएनआय’ ही सेटिंगची फाइल डॉक्युमेंट्समध्ये नसणं हे त्याचं एक नेहमीचं कारण आहे. ती फाइल हाताने बनवून ठेवली की अनेकांचं काम भागतं.

‘झिरो अवर म्हणजे मूळ गेमचे चार नवे नकाशे’ हा दुसरा गैरसमज. मूळ गेम फेब्रुवारी 2003चा, ईए पॅसिफिकचा. पुरवणी त्याच वर्षीच्या सप्टेंबरची, ईए लॉस एंजेलिसची. (मालिका वेस्टवूडने सुरू केली, म्हणून हाही गेम त्यांचाच, असं अजून सांगितलं जातं; वेस्टवूड त्याच 2003 मध्ये बंद झाली.) पुरवणी एकटी चालत नाही, मूळ गेम लागतोच, एवढं खरं. पण तिने खेळाचा पोतच बदलला. अमेरिका, चीन आणि काल्पनिक ‘जीएलए’ या तीन बाजूंना प्रत्येकी तीन, असे नऊ जनरल आले आणि प्रत्येकाची खोड निराळी. क्वाईचे रणगाडे स्वस्त आणि तरबेज, पण तोफखाना नाही. ताओचं सगळं अणुशक्तीवर. थ्रॅक्स विष पसरवतो, कसाद लपून बसतो. शिवाय एकेका जनरलला आव्हान देत जाण्याचा स्वतंत्र खेळ, आणि नव्या मोहिमा. मूळ गेम चांगला होता. लोक वर्षानुवर्षं खेळत राहिले ते मात्र पुरवणीमुळे.

कॅफेतल्या लॅनवर एक तक्रार ठरलेली : ‘अलेक्झांडर घेतली की हरतच नाही.’ अमेरिकेच्या या जनरलची पार्टिकल कॅनन ही महाअस्त्राची तोफ पाच हजारांऐवजी अडीच हजारांत उभी राहते, हे बरोबर. पण तिच्याकडे क्रुसेडर-पॅलाडिनसारखे रणगाडेच नाहीत. तोफ तयार होण्याआधीच दारात जाऊन उभं राहिलं की तिची पंचाईत होते. तेही जमत नसेल, तर सुरुवातीलाच महाअस्त्रांवर मर्यादा घालायची सोय पुरवणीत आहे.

आता राजकारण. ‘हा तर अमेरिकेचा प्रचार’ असं म्हणणाऱ्यांनी पुरवणीची गोष्ट शेवटपर्यंत पाहिलेली नसते. तिथे अमेरिका युरोपातून माघार घेते आणि जीएलएला हाकलतो चीन. गंमत म्हणजे बंदी घातली ती चीननेच. मूळ गेममध्ये बीजिंगमध्ये अणुस्फोट होतो, आणि थ्री गॉर्जेस धरण तर चीनच्या बाजूने खेळणाऱ्यालाच फोडावं लागतं. जर्मनीत गेमवर निर्बंध आल्यावर सैनिकांच्या जागी यंत्रमानव घालून नवी आवृत्ती काढली गेली. भारत यात कुठेच नाही. मराठ्यांकडून खेळायचं असेल तर 2009चा ‘एम्पायर : टोटल वॉर’ आहे, पण तो अठराव्या शतकातला.

‘आता ऑनलाइन कोणी खेळत नाही’ हेही खरं नाही. ऑनलाइन खेळ ज्यावर चालायचा ती गेमस्पायची सेवा 2014 मध्ये बंद झाली, तेव्हा चाहत्यांनी स्वतःचा सर्व्हर उभा केला.

शेवटचा गैरसमज सगळ्यात ताजा : ‘ईएने गेम फुकट केला.’ फेब्रुवारी 2025 मध्ये कंपनीने मूळ गेम आणि ‘झिरो अवर’ या दोन्हींचा सोर्स कोड मुक्त परवान्याखाली खुला केला. चित्रं, आवाज, व्हिडिओ त्यात नाहीत, म्हणजे नुसत्या कोडवर खेळता येत नाही. अस्सल प्रत मार्च 2024 पासून स्टीमवर मिळते. कपाटात जुनी लॅमिंग्टनची सीडी सापडली, तर तिच्यासाठी कॉम्प्युटर दुरुस्तीला नेऊ नका.